काक्षी किती मंदावला, हे स्वतः कसं मोजायचं

ऑक्टोबर २०१९ पासून मृगातला काक्षी (बेटेलज्यूज) मंदावत गेला आणि ७ ते १३ फेब्रुवारी २०२० या आठवड्यात त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, १.६१ पर्यंत उतरली. एरवी तो ०.३ ते ०.९ च्या पट्ट्यात फिरतो. प्रतीचा आकडा वाढला की तेज घटतं, हे ठाऊक असेलच. ०.५ वरून १.६ म्हणजे प्रकाश जवळजवळ एक-तृतीयांशावर आला. एप्रिलअखेर तो पुन्हा नेहमीच्या पट्ट्यात होता आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तर जवळजवळ मृगातल्याच राजन्याइतका तेजस्वी झाला. हे सगळं साध्या डोळ्यांना दिसण्यासारखं होतं. अट एकच: आधीची नोंद हाताशी हवी आणि ती नीट घेतलेली हवी.

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. वस्तुमान सूर्याच्या पंधरा ते वीस पट, अंतर अंदाजे ५०० ते ७०० प्रकाशवर्षं, आणि आयुष्य शेवटच्या टप्प्यात. त्याचं तेज बदलतं हे जॉन हर्शेल यांच्या १८३६ मध्ये लक्षात आलं, तेही डोळ्यांनीच. आजही या ताऱ्याच्या बाबतीत नवख्याची नोंद उपयोगी पडते, कारण तो मोठ्या दुर्बिणींना झेपत नाही: त्यांच्या संवेदकांवर तो सरळ जळून पांढरा होतो.

कुठे आणि केव्हा

मृगाचे चार कोपऱ्यांचे चार पाय आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण डोळ्यांसमोर आणा. ईशान्येचा, तांबूस पाय म्हणजे काक्षी. तिरपा समोरचा निळसर पांढरा तो राजन्य. पुण्याहून काक्षी मध्यावर, म्हणजे आपल्या वाटेतल्या सगळ्यात उंच जागी, येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ७९ अंश उंच असतो, नागपुरात ७६, पणजीत ८२. ही आपली मोठी सोय आहे. युरोपातल्या निरीक्षकाला तो इतका वर कधी मिळत नाही.

२० डिसेंबरच्या आसपास तो रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो, जानेवारीअखेर दहाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर आठच्या सुमारास. मध्याच्या दीड तास अलीकडे-पलीकडे मोजणी करायची. जुलैअखेर तो पहाटे दिसू लागतो आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याप्रकाशात बुडतो. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणूनच तर 'मृग लागला' म्हणतात. त्या दिवसांत काक्षी सूर्याच्या पाठीशी असतो आणि नोंदवहीत दरवर्षी तीन महिन्यांची खिंड पडते.

मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगाच्या डोक्याशीच असतो. त्या पौर्णिमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-तीन रात्री सोडून द्या. पौष-माघातही चंद्र जवळून जाताना हाच नियम.

तुलनेचे तारे

डोळा निव्वळ तेज मोजू शकत नाही, दोन ताऱ्यांतला फरक मात्र फार छान ओळखतो. म्हणून ज्यांची प्रत माहीत आहे असे तारे लागतात:

- ब्रह्महृदय ०.०८
- राजन्य ०.१३
- प्रश्वा ०.३४
- रोहिणी ०.८६
- पॉलक्स (पुनर्वसूतला पिवळसर) १.१४
- कॅस्टर (पुनर्वसूतला पांढरा) १.५८
- बेलाट्रिक्स (मृगाचा वायव्येचा पाय) १.६४

रोहिणी आणि राजन्य हे दोघंही किंचित बदलतात, पण डोळ्याच्या मोजणीत तेवढं खपून जातं. व्याध उणे १.४६ चा आहे. त्याच्याशी तुलना करायचा मोह टाळा, तो फारच झळाळतो आणि मृगाकडे बघताना नजरेच्या कोपऱ्यातसुद्धा येऊ देऊ नये.

डोळ्यांनी मोजणी

अंधारात पंधरा-वीस मिनिटं डोळे रुळू द्या, मोबाइल खिशात. मग काक्षीपेक्षा किंचित तेजस्वी एक आणि किंचित मंद एक असे दोन तारे निवडा. बहुतेक हिवाळ्यांत ही जोडी प्रश्वा आणि रोहिणी असते.

या दोघांतल्या फरकाचे मनात दहा भाग पाडा आणि काक्षी प्रश्वापासून कितव्या भागावर बसतो ते ठरवा. समजा चौथ्या भागावर बसला. फरक ०.८६ − ०.३४ = ०.५२; त्याचे चार-दशांश ०.२१, ०.३४ मध्ये मिळवले की ०.५५. हा आकडा पूर्णांकित करून एकाच दशांश स्थळापर्यंत लिहायचा, ०.५ किंवा ०.६. डोळ्याची अचूकता ०.१ च्या पुढे जात नाही. ०.५५ असं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं.

आपला आकडा वहीत लिहून होईपर्यंत इतरांचे आकडे पाहू नका, मागच्या आठवड्याचा स्वतःचा आकडासुद्धा. मनात ०.५ बसला की डोळा ०.५ च बघतो. रोज मोजण्यातही अर्थ नाही. हा तारा आठवड्यात फारसा हलत नाही. पाच ते दहा दिवसांनी एक नोंद पुरे, आणि प्रत्येक नोंद कोऱ्या मनाने.

सगळ्यात मोठी चूक: उंची

नवख्यांच्या नोंदी बिघडतात त्या बहुतेक इथेच. तारा जितका खाली, तितकी त्याच्यासमोर हवेची जाडी जास्त. डोक्यावर ही जाडी १ धरली, तर ४५ अंशांवर १.४, ३० अंशांवर २, २० अंशांवर २.९ आणि ५ अंशांवर दहाच्या वर. स्वच्छ हवेत जाडीच्या प्रत्येक एककाला तारा सुमारे ०.२५ प्रतीने मंदावतो. थंडीत शहरावर धूर-धूळ साचते तेव्हा हाच आकडा ०.४ किंवा त्याहूनही जास्त होतो.

आता पुण्याहून काक्षी पूर्वेला ३० अंश वर आलाय असं समजा. त्या क्षणी रोहिणी ५१ अंशांवर असते आणि प्रश्वा जेमतेम ५ अंशांवर. काक्षीसमोर जाडी २, रोहिणीसमोर १.३. फरक ०.७, गुणिले ०.२५ म्हणजे काक्षी उगाचच ०.१८ प्रतीने मंद दिसणार. प्रश्वा तर वापरायचाच नाही, तो दोन प्रतींहून अधिक मंदावलेला असतो आणि त्याच्याशी तुलना केली तर काक्षी एकदम भडकल्यासारखा वाटेल.

एप्रिलच्या संध्याकाळी चित्र उलटं. काक्षी पश्चिमेला ३० अंशांवर असताना रोहिणी १४ अंशांपर्यंत उतरलेली असते, तिच्यासमोर जाडी चारच्या पुढे. आता रोहिणी काक्षीच्या मानाने अर्ध्या प्रतीने खोटी मंद दिसते आणि काक्षी तेजस्वी झाल्याचा भास होतो. अशा वेळी प्रश्वा ५३ अंशांवर असतो, तोच बरा; उरलेली दुरुस्ती आकड्याने करायची.

दुरुस्तीची रीत सोपी आहे. प्रत्येक ताऱ्याची उंची स्टेलॅरियमसारख्या आकाशाच्या अ‍ॅपवर बघा, जाडी = १ ÷ (उंचीची साइन) या सूत्राने काढा. २० अंशांखाली हे सूत्र ढळतं, म्हणून तिथले तारे घेऊच नका. काक्षी आणि तुलनेचा तारा यांच्या जाडीतला फरक ०.३ च्या आत असेल, तर दुरुस्तीची गरज नाही. काक्षी मध्यावर असताना त्याच्यासमोर जाडी १.०२ आणि प्रश्वासमोर १.१४ असते, म्हणजे चूक ०.०३ ची. सगळी भानगड टाळायची तर मध्याची वेळ गाठा, हेच उत्तम.

दुसरी चूक: तांबडा रंग

तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो डोळ्यात साठत जातो आणि क्षणाक्षणाला उजळ वाटतो. त्यामुळे झटकन नजर टाकायची, काढायची, दुसऱ्या ताऱ्यावर न्यायची, पुन्हा परत. एका ताऱ्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. अंधारात डोळ्याची निळ्याबद्दलची संवेदना वाढते आणि तांबड्याबद्दलची घटते. त्यामुळे गडद अंधाऱ्या गावात आणि उजळलेल्या शहरात एकाच माणसाचे आकडे ०.१-०.२ ने वेगळे येऊ शकतात. शक्यतो एकाच जागेवरून मोजा. जागा बदलली तर वहीत तशी नोंद करा.

रंगाच्या दृष्टीने रोहिणी काक्षीला सगळ्यात जवळची. रंगनिर्देशांक, म्हणजे निळ्यातली प्रत वजा दृश्य प्रत, काक्षीचा १.८५, रोहिणीचा १.५४, पॉलक्सचा १.००, प्रश्वाचा ०.४२, तर राजन्य शून्याच्या किंचित खाली. दूरची नजर कमजोर असलेल्यांनी चश्मा काढून बघावं. ठिपक्यांच्या जागी मऊ चकत्या दिसतात आणि चकत्यांची तुलना रंगाने कमी फसते. इतरांनी दुर्बीण-जोडी किंचित फोकसबाहेर नेली तर हाच परिणाम मिळतो, पण दोन तारे एका वेळी त्यात मावत नाहीत.

मान अशी वळवा की दोन्ही तारे डोळ्यांच्या रेषेला समांतर येतील. एक वर, एक खाली असे बघितले तर खालचा बहुतेकांना उजळ वाटतो.

कॅमेऱ्याने मोजणी

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर ०.०३ प्रतीपर्यंत पोचता येतं. एपीएस-सी संवेदकावर १८ मिमीची लेन्स सुमारे ६६ गुणिले ४७ अंशांचं आकाश टिपते. काक्षीपासून रोहिणी २१ अंश, राजन्य १९ अंश, प्रश्वा २६ अंश. सगळे एकाच चौकटीत येतात. ५० मिमी लावलीत तर रोहिणी किंवा प्रश्वा यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं.

तिवईवर कॅमेरा, आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ/४ ते एफ/५.६, उघडझाप ५ ते १० सेकंद, फाइल रॉ. जेपेग चालणार नाही, त्यात कॅमेरा स्वतःच उजळपणा बदलतो. मोबाइलने करायचं तर डीएनजी फाइल देणाऱ्या प्रो मोडमध्येच. फोकस मुद्दाम ढळवा, तारा आठ-दहा पिक्सेलची चकती दिसेल इतका. नेमका फोकस ठेवला तर प्रकाश दोन-तीन पिक्सेलवर पडतो, ते भरून जातात आणि भरलेल्या पिक्सेलचा आकडा खोटा. १४ बिटच्या फाइलमध्ये कमाल मूल्य १६३८३ असतं. ताऱ्याच्या सगळ्यात उजळ पिक्सेलचं मूल्य दहा-अकरा हजारांच्या वर जाऊ देऊ नका. पुढे गेलं तर आधी उघडझाप कमी करा, मग छिद्र.

ताऱ्यांची लुकलुक एका फोटोत ०.१ पर्यंत घोटाळा करते. म्हणून किमान वीस फोटो घ्या, एकूण शंभर-दोनशे सेकंदांचा प्रकाश जमला पाहिजे. त्याच मापाने टोपण लावून दहा डार्क फोटो. रुंद लेन्सच्या कोपऱ्यांत प्रकाश बराच घटतो, त्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे, उदाहरणार्थ पांढऱ्या पडद्यावर पडलेल्या उजेडाचे, दहा फ्लॅट फोटो त्याच फोकसने आणि त्याच छिद्राने. फ्लॅट जमत नसतील तर काक्षी आणि रोहिणी चौकटीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. दोघांची घट सारखीच होईल आणि बरीचशी चूक आपोआप छाटली जाईल.

संगणकावर ॲस्टॅप किंवा ॲस्ट्रोइमेजजे हा मोजणीचा प्रोग्राम घ्या, दोन्ही मोफत. रॉ फाइलमधला फक्त हिरवा भाग काढायचा, कारण तोच प्रमाण दृश्य पट्ट्याच्या सगळ्यात जवळ जातो. ताऱ्याभोवती वर्तुळ टाकून प्रकाशाची बेरीज करा, बाहेरच्या कड्यातून आकाशाचा उजेड वजा करा. समजा काक्षीची बेरीज रोहिणीच्या दीडपट आली. १.५ चा लॉगॅरिदम ०.१७६, गुणिले २.५ म्हणजे ०.४४. रोहिणीच्या ०.८६ मधून वजा केले की काक्षी ०.४२.

यात रंगाची दुरुस्ती उरते. राजन्य, बेलाट्रिक्स, प्रश्वा, पॉलक्स, रोहिणी या सर्वांची तुमच्या कॅमेऱ्याने मोजलेली प्रत घ्या, तिच्यातून यादीतली प्रत वजा करा आणि हा फरक रंगनिर्देशांकासमोर आलेखावर मांडा. रेषेचा उतार हा तुमच्या कॅमेऱ्याचा रंगगुणक. तो समजा ०.१ आला. रोहिणीशी तुलना केली असेल तर चूक ०.१ × ०.३१ = ०.०३, राजन्याशी केली असेल तर ०.१ × १.८८ = ०.१९. रोहिणीला का धरून राहायचं, ते या एका हिशेबात दिसतं. गुणक वर्षातून एकदा काढला तरी चालतो; लेन्स किंवा कॅमेरा बदलला तर नव्याने.

नोंद

वहीत तारीख, भारतीय वेळ, आकडा, दोन्ही तुलनेचे तारे, त्यांची उंची, चंद्र, धुकं आणि जागा. एवढं सगळं कशाला, असं वाटेल. दोन वर्षांनी एखादा आकडा विचित्र दिसला की नेमकं हेच लागतं.

नोंद जगाच्या उपयोगी पडायची तर १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एएव्हीएसओ या रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या निरीक्षक संघटनेकडे ती पाठवा. निरीक्षक-संकेत मोफत मिळतो. तिथे काक्षीचं नाव 'अल्फ ओरी'. तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती मात्र त्यांच्या तक्त्यावरच्याच घ्यायच्या आणि तक्त्याचा क्रमांक सोबत द्यायचा. वरची यादी आणि तो तक्ता यांची सरमिसळ करू नका.

वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, लागते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा, मग रूपांतर. १५ जानेवारी २०२५, रात्री ९.३० म्हणजे जागतिक वेळ १६.००, ज्युलियन दिनांक २४६०६९१.१७. मध्यरात्रीनंतरच्या नोंदीत तारीख एक दिवसाने चुकणं फार सर्रास होतं. पहाटे तीनला मोजलं तर जागतिक तारीख आदल्या दिवसाची असते.

आलेख वाचताना

काक्षीच्या आलेखात दोन लय एकमेकींवर बसलेल्या आहेत. एक सुमारे ४०० दिवसांची, ताऱ्याच्या बाह्य थराच्या आकुंचन-प्रसरणाची. दुसरी सुमारे २१०० दिवसांची, म्हणजे पावणेसहा वर्षांची. २०२० च्या घटनेनंतर ४०० दिवसांची लय विस्कळीत झाली आणि सुमारे २०० दिवसांची लय वर आली. दोन हंगामांच्या नोंदींवरून लय शोधायला जाऊ नका, पाच-सहा हंगाम तरी हवेत. लांब लयीमागे एक छोटा सहचर तारा असावा असा अंदाज २०२४ मध्ये मांडला गेला आणि २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने काक्षीच्या अगदी लगत सहा प्रतींनी मंद असा एक संभाव्य सोबती टिपला.

०.३ ते ०.५ प्रतीची घसरण हा नेहमीचा व्यवहार. १.२ पेक्षाही मंद झाला की कान टवकारायचे, पण आधी उंची, धुकं, तुलनेचा तारा तपासायचा, मग लागोपाठ तीन-चार वेगळ्या रात्री पुन्हा मोजायचं आणि त्यानंतरच इतरांच्या नोंदींशी ताडून पाहायचं. २०२० ची घसरण खरी होती. हबल दुर्बिणीने २०१९ च्या शरद ऋतूत ताऱ्याच्या दक्षिण भागातून दाट पदार्थ बाहेर पडताना पाहिला. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या डिसेंबर २०१९ च्या चित्रात दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. पृष्ठभागाचा एक पट्टा थंडावला आणि बाहेर पडलेल्या पदार्थाची धूळ आपल्या नजरेच्या रेषेत आली. जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांच्या कडेला काक्षी योगायोगाने दिसत होता, त्यातूनही हेच निष्पन्न झालं.

मंदावणं म्हणजे स्फोट जवळ आला, असा अर्थ यातून निघत नाही. गाभ्यात बहुधा अजून हेलियम जळतंय. २०२३ मध्ये कार्बन जळत असल्याचा दावा झाला, पण त्यासाठी लांब लय हीच मूळ स्पंदनाची मानावी लागते आणि तारा मोजलेल्यापेक्षा बराच मोठा धरावा लागतो. कार्बन शेकडो ते हजार-दोन हजार वर्षं पुरतो, त्यानंतर निऑन आणि ऑक्सिजन काही महिने ते दोन-तीन वर्षं, सिलिकॉन काही दिवस ते तीनेक आठवडे. गाभ्यात इतकी धावपळ चालू असते तेव्हा कोट्यवधी किलोमीटर जाडीच्या बाह्य थराला तिचा पत्ता लागेलच असं नाही.

याचे दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. २०२० मधल्या एसएन २०२०टीएलएफ या सुपरनोव्हाचा तांबडा महाराक्षसी तारा स्फोटाआधी १३० दिवस उजळ होत गेलेला दिसला. १९ मे २०२३ रोजी कोइची इतागाकी यांनी एम १०१ दीर्घिकेत शोधलेल्या एसएन २०२३आयएक्सएफचा मूळ तारा मात्र जुन्या अवरक्त चित्रांत सुमारे हजार-अकराशे दिवसांच्या लयीत बदलत होता, अखेरचा भडका असा कोणताही दिसला नाही. तेव्हा काक्षीच्या बाबतीत पहिली वर्दी गाभ्यातून थेट निसटणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण देतील. गाभा कोसळल्यापासून धक्का पृष्ठभागापर्यंत यायला तांबड्या महाराक्षसी ताऱ्यात एखादा दिवस लागू शकतो.

खिंडीत काय करायचं

काक्षी मावळला की ज्येष्ठा घ्या. वृश्चिकातला हा तारासुद्धा तांबडा महाराक्षसी, प्रत ०.६ ते १.६ मध्ये. पुण्याहून मध्यावर ४५ अंश उंच येतो. त्या वेळी चित्रा (०.९७) ३६ अंशांवर, श्रवण (०.७६) ४० वर आणि वृश्चिकाच्या नांगीतला मूळ (१.६२) सुमारे ३२ वर असतो, म्हणजे चौघंही जवळपास एकाच जाडीच्या हवेतून दिसतात. हे तिन्ही तुलनेचे तारे पांढरे-निळे असल्याने रंगाची चूक काक्षीपेक्षा मोठी राहते. कॅमेऱ्याचा रंगगुणक आधी काढून ठेवला असेल तर तो इथे कामी येतो. एप्रिलअखेर ज्येष्ठा पहाटे अडीचच्या सुमारास मध्यावर येतो, मेअखेर साडेबाराला. पाऊस सुरू होण्याआधीचे ते पाच-सहा आठवडे वाया घालवू नका, कारण त्यानंतर ढग हटेपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि तोवर ज्येष्ठा संध्याकाळी पश्चिमेला कललेला असतो.